लांबची माणसं गप्प का बसतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अकरा जणांची टीम. सहा जण तुमच्याबरोबर मुख्य ऑफिसात, तिघं दुसऱ्या शहरातल्या शाखेत आणि दोघं वेगवेगळ्या देशांतून आपापल्या घरून काम करणारे. प्रोजेक्ट सुरू होऊन चार महिने झालेत. रोज सगळ्यांचा व्हिडिओ कॉल होतो, तरी लांबचे लोक तोंड उघडत नाहीत, सांगितलं तेवढंच करतात आणि केलेल्यातलंही बरंच काम पुन्हा करावं लागतं. ‘त्यांना हे काम आपलं वाटतच नाही,’ हे तुमचं निदान. उपाय म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कॅमेरा सक्तीचा करावा का, सगळ्यांना एकदा एकत्र बोलावण्याचा खर्च करावा का, आणि कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं.

तिन्हींची उत्तरं देते, पण शेवटी. कारण तुमच्याच मजकुरातल्या एका वाक्यापाशी मी अडखळले: ‘आमचं इथे काही ठरलं की त्यांना त्याच दिवशी कळवतो.’ माझ्या मते पाणी मुरतंय ते इथे. तुम्ही हे अभिमानाने लिहिलंय आणि कळवतच नाहीत त्यांच्यापेक्षा तुम्ही नक्कीच बरे. पण ज्याला रोज फक्त कळवलं जातं, तो माणूस हळूहळू विचारायचं सोडून देतो. ठरून गेल्यावर विचारून उपयोग काय? मग तो सांगितलं तेवढं करतो आणि कॉलवर ‘हो, चालेल’ म्हणून मोकळा होतो. तुम्हाला आपलेपणाचा अभाव दिसतोय, तो बहुधा असा तयार झालाय.

मी वीसेक वर्षं अशा विखुरलेल्या टीम चालवतेय आणि त्याआधीची काही वर्षं मी स्वतः त्या ‘कळवल्या जाणाऱ्या’ शाखेत होते. त्यामुळे माझं मत थोडं त्यांच्या बाजूने झुकलेलं असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बाजूला काढते. काम कसं आहे ते महत्त्वाचं. ज्या कामात दर तासाला एकमेकांना विचारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, ते काम लांबून कठीणच जातं, कितीही काही करा. गॅरी आणि ज्युडिथ ओल्सन या दोघा संशोधकांनी २००० साली हेच मांडलं होतं, आणि तेव्हापासून इंटरनेटचा वेग कितीतरी पटींनी वाढला तरी ते खोटं ठरलेलं नाही. दुसरं, ती तिघं तुमच्याच कंपनीची आहेत की कंत्राटावरची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कंत्राटात ‘दिलेल्या नमुन्याप्रमाणे काम’ असंच लिहिलेलं असेल, तर त्यांनी स्वतःहून डोकं चालवावं ही अपेक्षा कागदावरच मार खाते. आणि तिसरं, प्रोजेक्ट अजून किती चालणार? महिनाभरात संपणार असेल तर खालचं निम्मं सोडून द्या.

आता अंतराबद्दल. आपण समजतो की लांब म्हणजे दुसरं शहर, दुसरा देश. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या थॉमस अॅलन यांनी इंजिनिअर लोक कामाबद्दल एकमेकांशी किती वेळा बोलतात हे मोजलं, आणि त्यांच्या टेबलांमधलं अंतरही. अंतर वाढतं तसं बोलणं झपाट्याने घटतं, आणि तीस ते पन्नास मीटरच्या पुढे ते इतकं कमी होतं की आणखी अंतर वाढल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे वरच्या मजल्यावरचा विभागसुद्धा या हिशेबात लांबचाच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हायसं वाटलं होतं. विमानाचं तिकीट लागतं म्हणून आमचं बिनसत नव्हतं. आम्ही त्या पन्नास मीटरांच्या आत नव्हतो, एवढंच. आणि तुमच्या सहा जणांचं सगळं घडतं ते त्या पन्नास मीटरांत.

माझा एक जुना किस्सा सांगते. शाखेत असताना आम्ही चौघांनी तीन आठवडे खपून एक मॉड्यूल बांधलं. सादर केलं तेव्हा मुख्य ऑफिसातल्या एकाने सहज विचारलं, ‘हे तर आपण सोडून दिलं होतं ना?’ दोन आठवड्यांपूर्वी जिन्यात उभ्याउभ्या त्यांचं ते ठरलं होतं. कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. तिथल्या प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने आम्हाला सांगितलं असेल. त्यानंतर आम्ही काय केलं? भांडलो नाही. कामाचा वेग कमी केला. काहीही हातात घेण्याआधी चार दिवस थांबायचं, म्हणजे तोवर ते रद्द झालं तर मेहनत वाचते. मुख्य ऑफिसात मात्र आमच्याबद्दल ‘ती शाखा जरा सुस्त आहे’ असं मत झालं.

याच गोष्टीचा नीट अभ्यासही झालेला आहे. कॅथरीन क्रॅम्टन यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या टीम पाहिल्या आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. त्यातले दोन मी कायम लक्षात ठेवते. एक, पलीकडच्या माणसाची परिस्थिती दिसत नसली की त्याच्या उशिराचं खापर आपण परिस्थितीवर न फोडता त्याच्या स्वभावावर फोडतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस उशीर करतो तेव्हा आपल्याला दिसतं की त्याचा कॉम्प्युटर बंद पडलाय. लांबचा उशीर करतो तेव्हा तो ‘आळशी’ असतो. दुसरा निष्कर्ष गप्प राहण्याबद्दलचा. उत्तर आलं नाही याचा अर्थ मान्य आहे, मान्य नाही, कळलं नाही, वाचलंच नाही, सुट्टीवर आहे, यांपैकी काहीही असू शकतो, आणि वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. तुम्ही ‘तोंड उघडत नाहीत’ लिहिलंत तेव्हा मला हेच आठवलं. त्या शांततेचा अर्थ तुम्ही लावलाय. त्यांना विचारलाय का?

माझ्या टीममध्ये म्हणून एक साधा नियम आहे. उत्तर हवं असलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये कधीपर्यंत आणि उत्तर न आल्यास काय धरलं जाईल, हे लिहायचंच. ‘गुरुवारी संध्याकाळपर्यंत कुणाची हरकत आली नाही तर मी दुसरा पर्याय धरून पुढे जाते.’ बस्स. आणि ज्याला वेळ नाही त्याने निदान ‘पाहिलं, उद्या सांगतो’ एवढं टाकायचं. सुरुवातीला हे शाळकरी वाटतं. महिन्याभरात अंगवळणी पडतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी ज्यावर घालवते ती आहे निर्णयांची नोंद. सगळ्यांना उघडता येईल अशी एकच फाइल. प्रत्येक निर्णयाला चार-पाच ओळी: काय ठरलं, का ठरलं, कोणता पर्याय नाकारला आणि कशामुळे, कुणी ठरवलं, आणि हरकत घ्यायला कधीपर्यंत वाव आहे. यातली नाकारलेल्या पर्यायाची ओळ लोक गाळतात. तीच सर्वात मोलाची. ‘काय ठरलं’ हे तुमच्या त्याच दिवशीच्या मेसेजमध्येही असतं. का ठरलं आणि काय सोडलं हे जो जिन्यात उभा होता त्यालाच माहीत असतं, आणि लांबच्या माणसाला स्वतःच्या डोक्याने पुढचं ठरवायचं असेल तर नेमकं तेच लागतं. नाहीतर तो तुमच्या सोडून दिलेल्या वाटेने पुन्हा जाणार आणि तुम्ही म्हणणार, काम परत करावं लागतं.

नोंदीत नाही तो निर्णय झालेलाच नाही, असा नियम करा, आणि तो पहिल्यांदा तुमच्यावर उलटेल याची तयारी ठेवा. मी हा नियम आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी आणि मी लिफ्टमध्ये काहीतरी ठरवलं, आणि मी नोंद करायला विसरले. शाखेतल्या एका मुलीने जुन्या निर्णयाप्रमाणे काम करून पाठवलं. मी तिचं काम स्वीकारलं आणि आमचा लिफ्टमधला निर्णय मागे घेतला. महागात पडलं. वरिष्ठ नाराज झाले, मला चार गोष्टी ऐकाव्या लागल्या. पण त्या दिवसानंतर शाखेतून प्रश्न यायला लागले. नियम खरा आहे हे लोकांना तो मोडण्याचा मोह झालेल्या दिवशी कळतं.

मीटिंगचं थोडक्यात सांगते. एक जण जरी स्क्रीनवर असेल तर सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवर बसायचं. एका खोलीत सहा जण, टेबलाच्या मधोमध एक माइक आणि भिंतीवर पाच चेहरे, ही मला माहीत असलेली सर्वात वाईट रचना आहे. खोलीतली कुजबुज, डोळ्यांच्या खुणा, एकाच वेळी दोघांचं बोलणं, यातलं काही पलीकडे पोचत नाही, आणि मधे बोलायचं तर कुणाला तरी थांबवून बोलावं लागतं. शिवाय तुमच्या त्या दोघांची भाषा वेगळी असेल तर वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. म्हणून महत्त्वाचा मुद्दा आदल्या दिवशी लेखी पाठवा, मते लेखी मागवा आणि कॉलवर बोलण्याची सुरुवात लांबच्या माणसापासून करा. तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. हे शेवटचं मला सर्वात जड गेलं.

आणि वेळ. गैरसोयीची वेळ कायम एकाच्याच वाट्याला येत असेल तर ती फिरती ठेवा. मुख्य ऑफिसालाही महिन्यातून एकदा रात्री कॉलला बसू द्या. आणखी एक बारीकशी गोष्ट, जिने माझ्या दोन मीटिंग बुडवल्यात: अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात, युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. भारत, चीन, जपान घड्याळ हलवतच नाहीत. त्यामुळे वर्षातून दोनदा सगळ्यांचे फरक बदलतात, आणि तेही वेगवेगळ्या आठवड्यांत. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरासाठीच्या एकाच प्रमाणवेळेत, लिहा. तारीखही ०३/०४ अशी लिहू नका. तो एकासाठी तीन एप्रिल असतो आणि दुसऱ्यासाठी चार मार्च.

कामाची वाटणी कशी केलीत हे तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज असा आहे की आराखडा मुख्य ऑफिसात आणि अंमल बाहेर. ही वाटणी मला पटत नाही. मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञांनी १९६८ साली एक निरीक्षण लिहिलं: एखादी संस्था जी रचना तयार करते, तिचा आकार त्या संस्थेतल्या संवादाच्या आकारासारखाच होतो. हे उलट्या बाजूने वापरता येतं. जिथे संवाद दाट आहे तिथे कामाचा एक सबंध तुकडा द्या, आराखड्यापासून तपासणीपर्यंत आणि निर्णयाच्या अधिकारासकट. दोन ठिकाणांमध्ये संवाद विरळ असणारच, तर तिथून जाणारे धागेही कमीत कमी ठेवा. त्या तिघांकडे असा एक भाग असेल, ज्याबद्दल तुम्हालाच त्यांना विचारावं लागेल, तर कॉलवरची शांतता आपोआप कमी होते. तेव्हा बोलण्यासारखं त्यांच्यापाशी काहीतरी असतं.

दोन तुकडे जिथे जुळतात ती शिवण मात्र फार जपावी लागते. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं, ते अशाच शिवणीवर. एका ठिकाणच्या टीमच्या सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या (यानावरच्या छोट्या इंजिनांच्या) रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि दुसऱ्या ठिकाणच्या टीमने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. यातली खरी गंमत, किंवा खरं दुःख म्हणा, पुढे आहे: मेट्रिक एकक वापरायचं असं लेखी ठरलेलं होतं. आणि प्रवासादरम्यान काही जणांना आकडे जुळत नसल्याची शंकाही आली होती, पण ती शेवटपर्यंत धसाला लागली नाही. म्हणजे नुसतं लिहून भागत नाही. मी आता पहिल्या पंधरवड्यातच दोन्ही ठिकाणचे अर्धेकच्चे तुकडे खोट्या माहितीवर एकमेकांना जोडून चालवायला लावते. त्यातून काहीही उपयोगी बाहेर पडत नाही, पण शिवण कुठे उसवणार ते दिसतं. आणि शंका नोंदवायला एक जागा ठेवते, जिथे ‘माझं चुकत असेल, पण’ असं लिहिलेलं चालतं.

तुम्ही त्या घरून काम करणाऱ्या दोघांची जास्त काळजी केलीय. मला त्या तिघांची जास्त वाटते. मायकेल ओ’लिअरी आणि मार्क मॉर्टेन्सन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की एका ठिकाणी दोन किंवा अधिक माणसं असे गट पडले की टीममध्ये संघर्ष आणि समन्वयाच्या अडचणी वाढतात, गट लहानमोठे असतील तर आणखीच, आणि संख्येने लहान गटाची स्थिती सर्वात वाईट. एकेकटी माणसं असलेल्या टीम त्या मानाने बऱ्या निघाल्या. मला हे अगदी पटतं. एकटा माणूस टीमशीच बोलतो, दुसरं कुणी नसतंच. तिघं असली की ती आपसात बोलतात, ‘ते लोक’ असा शब्द तयार होतो, आणि सहा जणांच्या बाजूलाही तोच शब्द तयार झालेला असतो. तुमच्या प्रश्नातही तो आहे, मी मोजला, नऊ वेळा. उपाय म्हणून मी कामाच्या जोड्या ठिकाणांच्या आडव्या लावते: शाखेतला एक आणि मुख्य ऑफिसातला एक मिळून एका गोष्टीला जबाबदार.

आता तुमचे तीन प्रश्न. कॅमेरा सक्तीचा करू नका. गप्प माणसाचा चेहरा दिसला म्हणून तो बोलायला लागत नाही, फक्त अवघडतो. नवीन ओळख होताना आणि दोघांच्या खासगी बोलण्यात मात्र कॅमेऱ्याचा फायदा होतो, तिथे स्वतःचा सुरू ठेवा.

एकत्र आणणं: हो, खर्च करा. पण उद्घाटन समारंभासारखं नको. तीन-चार दिवस खरं काम एकत्र करा, शक्यतो एखादा अडलेला, वादाचा प्रश्न घेऊन. एकदा समोरासमोर वाद घालून झाला की पुढचे कित्येक महिने त्या माणसाचा कोरडा ईमेलही त्याच्या आवाजात वाचला जातो. आणि पैसे एकाच्याच प्रवासापुरते असतील तर त्यांच्यापैकी कुणाला बोलावू नका. तुम्ही जा. त्यांच्या शाखेत आठवडाभर बसून तिथून तुमच्याच मुख्य ऑफिसाचा रोजचा कॉल ऐका. मला हा अनुभव पुरेसा बोलका वाटला होता.

सॉफ्टवेअर: आहे तेच चालेल. फक्त निर्णय कुठे, कामांची यादी कुठे आणि गप्पा कुठे हे तीन कप्पे ठरवा आणि चौथा होऊ देऊ नका. चॅटमध्ये ठरलेलं नोंदीत नेणं हे ज्याने ठरवलं त्याचं काम.

हे सगळं केल्यावर पहिला महिना-दीड महिना वेग कमी होईल आणि कुरकुर तुमच्या सहा जणांकडूनच येईल. त्यांची जिन्यातली सोय जाते ना. ती सोय त्यांनीच सोडायची आहे, कारण लांबच्यांकडे सोडण्यासारखी सोय मुळात नाही. आणि हो, एखादा माणूस खरंच काम टाळत असेल, हीही शक्यता आहे. मला असे भेटलेत. पण ते कळतं त्याच्या हातात स्पष्ट, सबंध तुकडा आणि त्यामागचं कारण दिल्यावर. तोवर मी कुणाबद्दल मत बनवत नाही.

सुरुवात एकाच गोष्टीने करा. त्या तिघांना लिहून विचारा: पुढच्या टप्प्यातला कोणता भाग तुम्ही पूर्णपणे, निर्णयांसकट घ्याल, आणि त्यासाठी आमच्याकडून काय लागेल? उत्तराला चार दिवस द्या, मधे आठवण करू नका. ती कंत्राटावरची असतील, तर हे विचारण्याआधी मला तसं कळवा. मग वाटणीबद्दलचं माझं उत्तर बरंच वेगळं असेल.